चित्रपट-अभ्याससंग्रह: काय घ्यावे आणि आषाढातून ते कसे तगवावे

कोल्हापुरात चित्रपटाचे जुने सामान सापडणे ही काही नवलाची गोष्ट नाही. बाबूराव पेंटरांनी १९१७ साली महाराष्ट्र फिल्म कंपनी येथे उभी केली, १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी येथेच जन्मली आणि १९३३ साली पुण्याला गेली, त्यानंतरही दिग्दर्शक भालजी पेंढारकरांच्या जयप्रभा स्टुडिओमुळे या गावात चित्रीकरणाचा राबता राहिला. त्यामुळे कुणाच्या माळ्यावर रिळांचे डबे, कुणाच्या ट्रंकेत गाण्यांच्या पुस्तिका, तर कुणाच्या दुकानात जुन्या टॉकीजच्या हिशेबाच्या वह्या आजही निघतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयाने किंवा एखाद्या विभागाने असा संग्रह करायचे ठरवले की पहिल्या वर्षी सामान मिळवण्याची अडचण सहसा येत नाही. अडचण येते ती पाचव्या वर्षी, जेव्हा डब्यांतून आंबूस वास येऊ लागतो आणि कोणता डबा कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून वस्तू स्वीकारण्याआधी एक प्रश्न विचारावा, असे माझे मत आहे: येत्या आषाढात ही वस्तू कुठे असेल? कोल्हापूरचा पाऊस, पंचगंगेचे पाणी आणि महिनोन्महिने भिंतींत मुरलेली ओल यांना ज्या जागेत तोंड देता येत नाही, त्या जागेत वस्तू आणणे म्हणजे ती वाचवणे नव्हे. तिचा नाश फक्त आपल्या नावावर जमा होतो. वस्तू मिळवणे आणि जपणे ही दोन वेगळी खाती नाहीत. एका वस्तूला हो म्हणताना तिच्या पुढच्या तीस वर्षांच्या जागेला, विजेला आणि माणसालाही आपण हो म्हणत असतो.

संग्रहाची व्याप्ती लेखी ठरवावी आणि ग्रंथालय समितीकडून ती मंजूर करून घ्यावी, कारण व्याप्ती लेखी असली तरच नकार देता येतो. विद्यापीठाच्या अभ्याससंग्रहाने राष्ट्रीय संग्रहालयाची नक्कल करू नये. मूळ निगेटिव्ह सांभाळण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे आहे. १९६४ साली ते त्यासाठीच स्थापन झाले. आपले बळ वेगळ्या ठिकाणी आहे. स्टुडिओची किर्द-खतावणी, पगारपत्रके, वेशभूषेच्या याद्या, सेन्सॉरची प्रमाणपत्रे, वितरकांचा पत्रव्यवहार, टॉकीजची रोजची तिकीटविक्री, हस्तपत्रके, स्थिरचित्रे आणि सेट उभारणाऱ्या सुतारांच्या, दिवे धरणाऱ्या कामगारांच्या ध्वनिमुद्रित आठवणी ही सामग्री गावाबाहेर कुणी जपणार नाही. बाजारात सहज मिळणाऱ्या डीव्हीडी अभ्यासासाठी जरूर घ्याव्यात, पण त्या वाचनसाहित्य म्हणून. त्यांना संग्रहाची वस्तू समजून कपाटाची जागा देऊ नये.

देणगी घ्यायला गेल्यावर पहिल्या भेटीत काहीही उचलू नये. बसावे, चहा घ्यावा, वहीत लिहावे. घरातल्या आजी किंवा काका सांगत असतात की ही ट्रंक अमक्याच्या स्टुडिओतून आली, हा डबा सासऱ्यांनी आगीतून काढला. ते सांगणे हाच त्या वस्तूचा अर्धा जीव असतो. १९४८ साली गांधीहत्येनंतर उसळलेल्या दंगलीत जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि आगीतून काढलेल्या सामानाच्या गोष्टी आजही कानावर येतात. त्यांतली प्रत्येक गोष्ट खरी असेलच असे नाही, पण कुणी, कधी, काय सांगितले हे तारखेसह लिहून ठेवले तर पुढच्या अभ्यासकाला ती पडताळता येते. मी स्वतः एकदा या बाबतीत चुकलो आहे. एका घरातून आलेले फोटो मी उत्साहाच्या भरात लिफाफ्यांतून काढून चित्रपटवार लावले. महिन्याभराने लक्षात आले की लिफाफे चित्रीकरणाच्या दिवसांप्रमाणे होते आणि तो क्रम आता कायमचा गेला. तेव्हापासून माझा नियम असा की वस्तू जशा क्रमाने मिळाल्या तशाच त्यांची आधी छायाचित्रे घ्यायची, लिफाफ्यांवर पेन्सिलीने क्रमांक घालायचे आणि मगच हात लावायचा.

दानपत्रात तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहाव्यात: वस्तूची मालकी कुणाकडून कुणाकडे गेली, स्वामित्वहक्क कुणाचा आहे आणि नको असलेल्या वस्तूंचे काय करायचे. यांपैकी पहिल्या दोन गोष्टींची गल्लत सर्वाधिक होते. डबा विद्यापीठाला मिळाला म्हणून त्यातल्या चित्रपटाचा हक्क मिळत नाही. देणाऱ्याकडेही तो बहुधा नसतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटावरचा हक्क प्रदर्शनानंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे चालतो, म्हणजे १९६० साली प्रदर्शित झालेल्या चित्रपटाचा हक्क ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. परंतु त्यातली कथा, गीते आणि संगीत यांचे हक्क त्या त्या कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतात, त्यामुळे चित्रपट मोकळा झाला तरी गाणे मोकळे झालेले नसू शकते. २०१२ च्या दुरुस्तीने बिगरव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना, बिगरडिजिटल प्रत आपल्याजवळ असल्यास, जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. आपले ग्रंथालय या व्याख्येत बसते का, हे विधी विभागाकडून लेखी घ्यावे. वारसदार अनेक असतील तर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. धाकट्या भावाने दिलेली ट्रंक थोरल्याने परत मागितली की वादात विद्यापीठाचीच शोभा होते.

खरेदीच्या बाबतीत विद्यापीठाची नेहमीची पद्धत येथे अडते. एकुलत्या एका भित्तिपत्रकासाठी तीन कोटेशन मागवणे शक्य नसते, आणि लेखापरीक्षक ती मागतातच. त्यामुळे वर्षाच्या आरंभीच दुर्मीळ साहित्यासाठी तज्ज्ञ-समिती नेमण्याचा, तिच्या मूल्यांकनावरून एकमेव विक्रेत्याकडून खरेदी करण्याचा आणि त्याची कमाल रक्कम ठरवण्याचा ठराव करून घ्यावा. विक्रेत्याकडे ती वस्तू कुठून आली हे लेखी मागावे. तो सांगायला तयार नसेल तर भित्तिपत्रक कितीही देखणे असले तरी सोडून द्यावे. रक्कम ठरवताना खरेदीबरोबरच पेट्या, आम्लरहित कागद आणि स्कॅनिंग यांचा खर्च त्याच टिपणीत दाखवावा, नाहीतर वस्तू येते आणि पेटीसाठी पुढचे अंदाजपत्रक उजाडावे लागते.

आता फिल्मकडे वळू, कारण चूक येथेच सर्वांत महाग पडते. डबा दारात आला की तो इमारतीत नेण्याआधी उघड्यावर तपासावा. १९५० च्या सुमारापर्यंतची ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची, म्हणजे अतिज्वलनशील प्लास्टिकच्या पायाची, असू शकते. नायट्रेट स्वतःचा प्राणवायू स्वतःच पुरवते, त्यामुळे एकदा पेटले की पाण्याखालीही जळत राहते, आणि कुजलेले नायट्रेट कडक उन्हाळ्यातल्या बंद खोलीच्या तापमानालाही पेट घेऊ शकते. पुण्यात २००३ साली नायट्रेटच्या साठ्याला लागलेल्या आगीत किती जुने चित्रपट गेले हे या क्षेत्रातल्या कुणालाही सांगावे लागत नाही. फिल्मच्या कडेला इंग्रजीत ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ (सहज न पेटणारी) असे छापलेले आहे का हे भिंगातून पाहावे. मात्र सेफ्टी फिल्मवर काढलेल्या प्रतीत मूळ निगेटिव्हच्या कडेची अक्षरेही उमटू शकतात, म्हणून एकाच खुणेवर विसंबू नये. तुकडा जाळून पाहण्याचा जुना उपाय मुळीच करू नये. १६ मिलिमीटरची आणि ८ मिलिमीटरची फिल्म व्यवहारात सेफ्टीचीच असते. नायट्रेटची शंका आली तर डबा सावलीत, माणसांपासून दूर, स्वतंत्र ठेवावा आणि पुण्याच्या संग्रहालयाशी संपर्क साधावा. अशी फिल्म साठवायला आणि वाहून न्यायला कायद्याची बंधने आहेत. ती एसटीच्या डिकीत टाकून पाठवण्याची वस्तू नव्हे.

उरलेली बहुतेक फिल्म ॲसिटेटची, म्हणजे सेफ्टी प्रकारातली, निघते, आणि तिचा रोग व्हिनेगरसारख्या वासाने ओळखू येतो. उष्णता आणि दमटपणा यांमुळे ॲसिटेटचा पाया विघटित होऊन ॲसिटिक आम्ल सुटते, तेच आम्ल विघटन आणखी वाढवते, आणि पुढे फिल्म आकसते, वळते, ठिसूळ होते. एकविसाव्या अंशाला आणि पन्नास टक्के आर्द्रतेला नवी ॲसिटेट फिल्म साधारण चाळीस वर्षे निरोगी राहते असा अंदाज आहे; थंडी वाढवली की ही मुदत कितीतरी पटींनी वाढते. वासावर विसंबण्यापेक्षा आम्ल मोजणाऱ्या ए-डी पट्ट्या वापराव्यात. बंद डब्यात एक दिवस ठेवलेली निळी पट्टी हिरवी, मग पिवळी होत जाते आणि आम्लाची पातळी सांगते. आंबलेल्या रिळांना निरोगी रिळांपासून वेगळ्या खोलीत हलवावे, हवा खेळेल अशा प्लास्टिकच्या डब्यांत ठेवावे आणि स्कॅनिंगच्या रांगेत पुढे घ्यावे, कारण या विघटनावर उलटा उपाय नाही. गंजका पत्र्याचा डबा बदलावा, परंतु त्यावरच्या चिठ्ठ्या आणि खडूच्या खुणा आधी टिपून घ्याव्यात.

रीळ तपासताना प्रोजेक्टरवर कधीही चढवू नये. हाताने फिरवायच्या रिवाइंडरवर, सावकाश, कडा धरून, फाटलेली छिद्रे आणि सुटलेले जोड नोंदवत जावे. लांबी मोजली की कालावधी कळतो: ३५ मिलिमीटरची हजार फूट फिल्म सेकंदाला चोवीस चौकटींच्या वेगाने सुमारे अकरा मिनिटे चालते, तर १६ मिलिमीटरची चारशे फूटही तेवढाच वेळ. एखाद्या जयंतीला मूळ प्रिंटचाच खेळ लावावा असा आग्रह दरवर्षी कुणीतरी धरतो. अशा वेळी स्कॅन केलेली प्रत पुढे करावी आणि मूळ प्रिंट बाहेर न काढण्याचा नियम दाखवावा.

खोलीची निवड करताना तळमजला आणि सर्वांत वरचा मजला दोन्ही टाळावेत. एकात पूर, दुसऱ्यात गळकी गच्ची. शिवाजी विद्यापीठ सागरमाळावर उंचावर आहे हे भाग्य, पण २०१९ आणि २०२१ च्या पुरांत शहराच्या सखल भागांतल्या घरांची काय दशा झाली ते आठवता, देणगीदारांकडचे सामान जूनच्या आत हलवण्याचे वेळापत्रक करावे. तापमान वीस अंशांच्या आत आणि आर्द्रता पस्तीस ते पन्नास टक्क्यांच्या दरम्यान ठेवावी. आर्द्रता साठच्या वर रेंगाळली की बुरशी धरते. येथे एक कार्यालयीन सवय घात करते: संध्याकाळी साडेपाचला शिपाई वातानुकूलन बंद करून जातो आणि सकाळी पुन्हा लावतो. रोजचा हा चढउतार फिल्मला त्रास देतो. चोवीस तास यंत्र चालवणे परवडत नसेल तर निदान दमटपणा शोषणारे यंत्र अखंड चालवावे, त्याचे पाणी बादलीत न सोडता नळीने बाहेर काढावे, आणि तापमान-आर्द्रता नोंदवणारे छोटे उपकरण प्रत्येक कपाटात ठेवावे. डांबरगोळ्या मात्र फिल्मच्या कपाटात कदापि ठेवू नयेत. घरातल्या रेशमी साड्यांना लावलेला न्याय येथे लागू होत नाही, या गोळ्यांची वाफ प्लास्टिकला आणि इमल्शनला, म्हणजे फिल्मवरच्या प्रतिमेच्या थराला, बाधते.

कागदाचे शास्त्र तुलनेने सोपे आहे. लॅमिनेशन करू नये, सेलोटेप लावू नये, गंजलेल्या टाचण्या आणि स्टेपल काढाव्यात, भित्तिपत्रके सपाट ठेवावीत, फोटोंसाठी पीव्हीसीच्या नव्हे तर पॉलिएस्टरच्या पिशव्या वापराव्यात. व्हिडिओ कॅसेटी उभ्या ठेवाव्यात आणि त्यांचे डिजिटायझेशन फिल्मच्याही आधी करावे, कारण त्या चालवणारी चांगली यंत्रे दुर्मीळ होत आहेत. डिजिटल प्रती तीन असाव्यात, त्यांतली एक दुसऱ्या गावी, आणि फायली बिघडल्या नाहीत ना हे वर्षातून एकदा चेकसम (फायलीवरून संगणकाने काढलेला पडताळणीचा आकडा) जुळवून पाहावे.

नोंदणीत नावांचा घोळ आधीच मिटवावा. बाबूराव पेंटर हे बाबूराव मेस्त्री आहेत, प्रभातचे फत्तेलाल कागदोपत्री कधी साहेबमामाही असतात, भालजी म्हणजे भालचंद्र गोपाळ पेंढारकर. एका व्यक्तीचे एक प्रमाण नाव ठरवून बाकीची त्याला जोडली नाहीत तर शोधणाऱ्याला निम्मेच हाती लागते. मोडी लिपीतल्या वह्यांसाठी मोडी वाचणारा माणूस नोंदणीच्या काळातच बसवावा. दाखल क्रमांक वस्तूवर शाईने लिहू नये. तो पेटीवर आणि पेन्सिलीने लिफाफ्यावर असावा.

आपत्तीची तयारी कागदावर नव्हे, प्रत्यक्ष करून पाहावी. ऑगस्ट २०२४ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हा अनेक संस्थांनी आपापल्या अग्निशामक नळकांड्यांची मुदत प्रथमच तपासली असेल. पाण्याचे नियम वेगळे आहेत. भिजलेली फिल्म वाळू देऊ नये, कारण वाळताना इमल्शन शेजारच्या वेटोळ्याला चिकटते; ती स्वच्छ थंड पाण्यात बुडवूनच, शक्य तितक्या लवकर, प्रयोगशाळेत न्यावी. भिजलेल्या कागदांमध्ये टीपकागद घालून ते पंख्याच्या वाऱ्यात सुकवावेत, आणि फार असतील तर गोठवावेत. काचेच्या निगेटिव्ह आणि व्हिडिओ कॅसेटी मात्र गोठवू नयेत. भिजलेली कॅसेट यंत्रात घालून पाहू नये. कोणाला फोन करायचा त्याची यादी आणि सर्वांत मोलाच्या वीस वस्तूंची कपाटनिहाय जागा दाराच्या बाहेरच्या बाजूला लावावी. आतल्या भिंतीवर लावलेली यादी, खोलीत पाणी शिरल्यावर, वाचायला कुणी जाऊ शकत नाही.