गांधीबागेतील सर्व्हर, घरातील खिडकी: कॉन्सोल बसवण्याची आणि वापरण्याची रीत

नवतपा सुरू होता. भर दुपारी वीज गेली, यूपीएस केकाटू लागला आणि बॅटरी संपायच्या आत घरचा संगणक नीट बंद करावा म्हणून मी घाईघाईने ‘सुडो पॉवरऑफ’ ही आज्ञा टंकली. संगणक बंद झालाही, पण तो नागपुरातील त्रिमूर्ती नगरातल्या माझ्या टेबलावरचा नव्हता. गांधीबागेतील ज्या कापड व्यापाऱ्यांचा हिशेबाचा सर्व्हर मी सांभाळतो, तो त्यांच्या दुकानाच्या माळ्यावरचा संगणक निमूटपणे झोपी गेला होता. दिवाणजींनी शिडी लावून वर चढून त्याचे बटण दाबेपर्यंत गिऱ्हाइकांची बिले हाताने लिहावी लागली. चूक सर्वस्वी माझी होती. दोन्ही खिडक्या काळ्या, दोन्हींतील अक्षरे पांढरी, टंकही (फॉन्ट) एकच. त्यामुळे कोणती खिडकी कोणत्या यंत्राची हे पाहून कळत नव्हते, लक्षात ठेवावे लागत होते, आणि घाईत नेमके तेच राहून गेले. त्यानंतर मी कॉन्सोल हा टर्मिनल एम्युलेटर घेतला आणि या एका गरजेभोवती त्याची मांडणी केली. पुढे दिलेली रीत त्याच क्रमाने आहे.

आधी एक भेद स्पष्ट असावा. आज्ञा वाचून कामे करणारा कार्यक्रम म्हणजे शेल, आणि त्या शेलला कळफलक व पडदा पुरवणारी खिडकी म्हणजे टर्मिनल एम्युलेटर. पूर्वी हे काम खऱ्याखुऱ्या यंत्रांकडे असे. डीईसी कंपनीने १९७८ मध्ये आणलेल्या व्हीटी-१०० या यंत्राच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २४ ओळी मावत, आणि आजच्या खिडक्या अजूनही बऱ्याच अंशी त्याच यंत्राची नक्कल करतात. हा भेद लक्षात असला की रंग, टंक, टॅब आणि वर सरकून गेलेला मागील मजकूर यांच्या तक्रारी टर्मिनलकडे न्याव्यात, तर ‘कमांड नॉट फाउंड’सारख्या तक्रारी शेलकडे, हे आपोआप समजते.

कॉन्सोल हा लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या, १९९६ मध्ये सुरू झालेल्या केडीई प्रकल्पाचा टर्मिनल आहे. त्याच्याहून वेगवान म्हणून नावाजलेले पर्याय आहेत. कॅलिबर हे ई-पुस्तकांचे सॉफ्टवेअर लिहिणारे कोविद गोयल यांचा किटी हा त्यांपैकी एक, आणि तो अक्षरे रेखाटण्याचे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवतो. परंतु किटीची मांडणी मुख्यतः एका मजकूर-फाइलीत लिहून करायची असते, शिवाय तो स्वतःची ओळख अशा नावाने देतो की जुन्या सर्व्हरांना ते नाव ठाऊक नसते. कॉन्सोल आपली ओळख ‘एक्सटर्म-२५६कलर’ अशी देतो, जी जवळजवळ सर्वत्र चालते, आणि त्याच्या बहुतेक सोयी मेनूतून गवसतात. ज्यांना टर्मिनल हे साधन म्हणून हवे आहे, छंद म्हणून नव्हे, त्यांना मी कॉन्सोलच सुचवीन.

बसवणे

या लेखात आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टंकताना त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरे लहान ठेवून टंकाव्यात. उबंटू किंवा डेबियन या लिनक्स प्रणालींवर आधी ‘सुडो ॲप्ट अपडेट’ आणि मग ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल कॉन्सोल’ अशा दोन आज्ञा द्याव्यात. फेडोरा या लिनक्स प्रणालीवर ‘सुडो डीएनएफ इन्स्टॉल कॉन्सोल’ ही एकच पुरते. कॉन्सोल हे नाव इंग्रजीत ‘सी’ने नव्हे, ‘के’ने सुरू होते, याची आठवण ठेवावी. कुबुंटू, म्हणजे केडीईसह येणारी उबंटू, वापरणाऱ्यांकडे तो आधीपासूनच असतो. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपवर बसवताना केडीईची बरीच पॅकेजे सोबत उतरतात, ती यादी पाहून दचकू नये. मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून काम चालू असेल तर मात्र ‘वाय’ दाबण्याआधी उतरणाऱ्या आकारमानाचा आकडा वाचून घ्यावा.

पहिल्यांदा उघडल्यावर मेनूपट्टी दिसली नाही, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एम या कळा एकत्र दाबाव्यात. कॉपी आणि पेस्टसाठीही शिफ्ट जोडावी लागते, म्हणजे कंट्रोल-शिफ्ट-सी आणि कंट्रोल-शिफ्ट-व्ही, कारण नुसते कंट्रोल-सी हे चालू काम थांबवण्यासाठी राखलेले आहे. नवीन टॅब कंट्रोल-शिफ्ट-टीने उघडतो, आणि शिफ्टसह डावा-उजवा बाण दाबून टॅब बदलता येतात.

प्रत्येक यंत्राला वेगळा रंग

कॉन्सोलमध्ये रंग, टंक, सुरुवातीची आज्ञा आणि मागील मजकुराची मर्यादा यांचा जो संच असतो, त्याला प्रोफाइल म्हणतात. सोबत आलेले मूळ प्रोफाइल नव्या आवृत्त्यांत बदलता येत नाही, म्हणून ‘सेटिंग्ज’ मेनूतील ‘मॅनेज प्रोफाइल्स’ उघडून ‘न्यू’ दाबावे, त्याला ‘घर’ असे नाव द्यावे आणि तेच ‘डीफॉल्ट’, म्हणजे आपोआप उघडणारे, म्हणून ठरवावे. ‘अपिअरन्स’च्या पानावर रंगसंगती निवडता येते. माझे टेबल खिडकीशी आहे आणि खिडकीत कूलर आहे. उन्हाळ्यात त्या बाजूने येणाऱ्या उजेडात काळा पडदा आरशासारखा चमकतो, त्यामुळे घरच्या प्रोफाइलला मी ‘ब्लॅक ऑन लाइट यलो’ ही फिकट पिवळी संगती दिली आहे.

मग दुसरे प्रोफाइल तयार करावे, त्याला सर्व्हरचे नाव द्यावे आणि रंगसंगती ‘रेड ऑन ब्लॅक’ ठेवावी. लाल अक्षरे तासन्‌तास वाचणे डोळ्यांना जड जाते, हे खरे आहे. ज्यांना ते नको असेल त्यांनी एखाद्या गडद संगतीची प्रत काढून पार्श्वभूमीला गडद तपकिरी-लाल छटा द्यावी आणि अक्षरे पांढरीच ठेवावीत. मीही शेवटी तेच केले. याच प्रोफाइलच्या ‘जनरल’ पानावर ‘कमांड’ नावाची चौकट असते, आणि तिथे शेलच्या जागी ‘एसएसएच’ (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणारी आज्ञा), त्यापुढे वापरकर्त्याचे नाव, ‘ॲट’चे चिन्ह आणि सर्व्हरचा पत्ता असे लिहावे.

या शेवटच्या पायरीवर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण सगळा खटाटोप तिच्यासाठीच आहे. ‘कमांड’च्या चौकटीत एसएसएच लिहिले असेल, तर सर्व्हरशी संपर्क संपताच तो टॅबच बंद होतो, त्यामुळे तांबड्या खिडकीत आपल्या स्वतःच्या संगणकाचा शेल कधीही उघडा राहत नाही. कॉन्सोलमध्ये २१.०८ या आवृत्तीपासून ‘एसएसएच मॅनेजर’ नावाचे प्लगइनही आहे. ‘प्लगइन्स’ मेनूतून ते उघडले की बाजूला सर्व्हरांची यादी दिसते, आणि प्रत्येक नोंदीला वेगळे प्रोफाइल जोडता येते. पाच-सहा सर्व्हर असतील तर ती सोय उत्तम आहे. पण ते प्लगइन एसएसएचची आज्ञा टॅबमधील शेलमध्ये टंकून देते, म्हणून संपर्क तुटल्यावर आपण घरच्या शेलवर परततो आणि खिडकी मात्र तांबडीच राहते. रंग एकदा जरी खोटे बोलला, तर त्याच्यावरचा विश्वास उडतो. ज्या एका-दोन सर्व्हरांवर चूक परवडणार नाही, त्यांच्यासाठी ‘कमांड’चीच वाट धरावी.

रंगाच्या जोडीला टॅबचे शीर्षकही बोलके करावे. प्रोफाइलच्या ‘टॅब्ज’ पानावर स्थानिक आणि दूरस्थ कामांसाठी शीर्षकाचे दोन वेगळे नमुने देता येतात. टक्केचिन्हापुढे लहान ‘यू’ लिहिल्यास वापरकर्त्याचे नाव येते आणि मोठा ‘एच’ लिहिल्यास दूरच्या यंत्राचे. एखाद्या टॅबला हातानेच नाव द्यायचे असेल तर कंट्रोल-ऑल्ट-एस दाबावे.

एवढे करूनही हात घसरतोच, हे गृहीत धरून सर्व्हरवर ‘मॉली-गार्ड’ नावाचे छोटे पॅकेज बसवावे. डेबियन आणि उबंटू दोन्हींवर ते उपलब्ध आहे. एसएसएचने आलेल्या माणसाने यंत्र बंद करण्याची आज्ञा दिली की ते त्या यंत्राचे नाव टंकायला सांगते, आणि नाव चुकले तर आज्ञा पाळत नाही. त्या दुपारी हे पॅकेज असते तर दिवाणजींची शिडी वाचली असती.

रोजच्या कामातील सोयी

खिडकीचे दोन भाग करण्यासाठी ‘व्ह्यू’ मेनूतील ‘स्प्लिट व्ह्यू’ वापरावे. एका भागात लॉग (यंत्रातील घडामोडींची नोंद) वाहता ठेवून दुसऱ्यात काम करणे हा त्याचा सर्वांत सरळ उपयोग होय. एक भाग तात्पुरता मोठा करायचा असल्यास कंट्रोल-शिफ्ट-ई दाबावे आणि पुन्हा तेच दाबून पूर्ववत करावे. घर आणि सर्व्हर हे एकाच टॅबच्या दोन भागांत शेजारी ठेवणे मी टाळतो; निरनिराळ्या रंगांचे असले तरी कर्सर कोणत्या भागात आहे, याचा गोंधळ उरतोच. त्याच कारणाने ‘एडिट’ मेनूतील ‘कॉपी इनपुट टू’ ही सोय, जिच्यामुळे एकदा टंकलेले अनेक टॅबांत एकाच वेळी उमटते, जपून वापरावी आणि काम होताच ‘नन’ निवडून बंद करावी.

मागील मजकुराची मर्यादा मुळात १,००० ओळींची असते, आणि एखादे मोठे अपडेट चालवले की ती बघता बघता संपते. प्रोफाइलच्या ‘स्क्रोलिंग’ पानावर ती वाढवता येते किंवा ‘अनलिमिटेड’ निवडता येते. अमर्याद मजकूर डिस्कवरील फाइलींत साठवला जातो, त्यामुळे सर्व्हरसाठी मी १०,००० हा ठरावीक आकडा ठेवला आहे. साठलेल्या मजकुरात शोधण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-एफ आणि तो फाइलीत जतन करण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-एस आहे. एखाद्याला त्रुटीचा संदेश दाखवायचा असेल, तर पडद्याचा मोबाइलने काढलेला तिरका फोटो पाठवण्यापेक्षा ही फाइल पाठवणे केव्हाही बरे.

सर्वांत कमी वापरली जाणारी आणि मला सर्वांत आवडलेली सोय म्हणजे शांततेवरील पहारा. रात्रीचा बॅकअप चालू करून कंट्रोल-शिफ्ट-आय दाबले, की त्या टॅबमध्ये काही काळ नवीन ओळ आली नाही तर कॉन्सोल सूचना देतो, म्हणजे काम संपले किंवा अडकले हे कळते. कंट्रोल-शिफ्ट-ए हा उलट पहारा आहे: शांत टॅबमध्ये हालचाल झाली की सूचना मिळते.

खिडकी अचानक गोठल्यासारखी वाटली, तर घाबरून ती बंद करू नये. बहुधा कंट्रोल-एस चुकून दाबले गेलेले असते, ज्याने टर्मिनलवरील मजकूर थोपवला जातो. कॉन्सोल तसा संदेश वर दाखवतो, आणि कंट्रोल-क्यू दाबताच सारे पुन्हा वाहू लागते.

देवनागरीचा प्रश्न

मराठी माणसाने कॉन्सोल घेतला की तो कधी ना कधी मराठी नावाची फाइल उघडणारच, आणि तिथे टर्मिनलची जुनी हाडे दिसतात. टर्मिनल हा चौकटींचा कागद आहे. एका अक्षराला एक चौकट, हा त्याचा मूळ हिशेब. ‘नागपूर’ हा शब्द वाचताना आपण चार अक्षरे मोजतो, पण युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-संकेतांच्या यादीत, काना आणि दीर्घ उकार यांचे वेगळे संकेत धरून ते सहा होतात आणि यूटीएफ-८ या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट म्हणजे एकूण १८ बाइट लागतात. त्यातही अनेक प्रणाली कान्याला स्वतंत्र चौकट देतात आणि उकाराला देत नाहीत, त्यामुळे चौकटी भरतात पाच. जोडाक्षरे आली की हिशेब आणखी बिघडतो: अक्षरे एकमेकांवर चढतात, वेलांटी भलत्या जागी दिसते आणि कर्सर शब्दाच्या मधोमध लटकतो.

यावर पूर्ण उपाय नाही, पण सुधारणा होते. आधी ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल फॉन्ट्स-लोहित-देवा’ ही आज्ञा देऊन देवनागरी टंक बसवावा. टर्मिनलचा मुख्य टंक मात्र हॅक किंवा देजाव्हू सॅन्स मोनोसारखा समान रुंदीचा रोमनच ठेवावा, देवनागरीसाठी प्रणाली आपोआप दुसरा टंक शोधते. मग प्रोफाइलच्या ‘अपिअरन्स’ पानावरील ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या भागात जाऊन ‘वर्ड मोड’ सुरू करावा आणि ब्राह्मी कुळातील लिप्यांसाठीची खूणही करावी. ही सोय कॉन्सोलच्या नव्या आवृत्त्यांत आहे. अक्षरे सुटी न रेखाटता शब्द एकसंध रेखाटला गेल्याने ‘गिऱ्हाईक’ किंवा ‘क्षेत्र’ असे शब्द वाचण्याजोगे होतात. तरीही मराठी मजकूर लिहायचा असेल तर केटसारखा संपादक उघडावा, आणि ज्या फाइलींवर स्क्रिप्ट चालणार आहे त्यांची नावे रोमनमध्येच ठेवावीत.

वीज जाते तेव्हा

कोणताही टर्मिनल, कितीही सोयींचा असला तरी, संपर्क तुटल्यावर सर्व्हरवरचे चालू काम वाचवू शकत नाही, कारण खिडकी मिटली की तिच्याखालील शेलही सहसा संपतो. त्यासाठी खिडकी मिटली तरी शेल जिवंत ठेवणारा ‘टीमक्स’ हा कार्यक्रम सर्व्हरवरच बसवावा आणि लांबणारे काम त्याच्या आत सुरू करावे. घरची वीज गेली, राउटर बंद पडला, तरी गांधीबागेतील काम चालू राहते. वीज आल्यावर पुन्हा तांबडी खिडकी उघडून ‘टीमक्स अटॅच’ म्हटले की जिथे सोडले तिथेच सापडते.

शेवटी, केलेली मांडणी जपून ठेवावी. प्रोफाइले आणि स्वतः बनवलेल्या रंगसंगती घरच्या फोल्डरात ‘डॉट-लोकल’, त्यात ‘शेअर’ आणि त्यात ‘कॉन्सोल’ या ठिकाणी साध्या मजकूर-फाइलींच्या रूपात असतात. तो फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून नव्या संगणकावर त्याच जागी ठेवला, की तांबडी खिडकी तिथेही तांबडीच उघडते.