शिक्षकांच्या हातून शाळेत करुणा कशी रुजवावी

शाळेत करुणेचे आणि मनःस्वास्थ्याचे वातावरण हवे असे ठरले की सल्ले देणारे पुष्कळ भेटतात, आणि ते सल्लेही ठरलेलेच असतात: एक दिवसाची कार्यशाळा घ्या, भिंतींवर सुविचार लावा, परिपाठात पाच मिनिटे मुलांना डोळे मिटून बसवा. डोळे मिटण्याला माझा विरोध नाही, पण तेवढ्याने भागेल ही समजूत सोडावी. ब्रिटनमधील 85 शाळांत सरसकट सर्व मुलांना सजगतेचे (माइंडफुलनेसचे, म्हणजे श्वासाकडे आणि मनातल्या विचारांकडे शांतपणे लक्ष देण्याचे) धडे देऊन झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा भावना ओळखणे, इतरांशी जुळवून घेणे अशा नेहमीच्या सामाजिक-भावनिक शिक्षणापेक्षा त्या धड्यांनी मुलांचे मानसिक आरोग्य अधिक सुधारल्याचे दिसले नाही. मूल शिक्षकाचे वागणे पाहून शिकते, म्हणून काम शिक्षकापासून सुरू करावे.

प्रथम मुख्याध्यापकांकडून शिक्षकांसाठी आठवड्यातला एक तास मोकळा करून घ्यावा. शाळा सुटल्यावर थांबवून किंवा सुट्टीच्या दिवशी बोलावून करुणा शिकवू नये. सुरुवात स्वतःहून तयार झालेल्या चार-पाच शिक्षकांपासून करावी. सक्तीने बसवलेला शिक्षक वह्या तपासत बसतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

पहिल्या बैठकीत थकव्याविषयी बोलावे. मुलाचे दुःख स्वतःत भिनवून घेणारा शिक्षक लवकर खचतो. मेंदू व भावनांच्या अभ्यासक टानिया झिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयोगांत असे दिसले, की दुसऱ्याच्या वेदनेशी केवळ समरस होण्याच्या सरावाने माणसाची अस्वस्थता वाढते, तर त्याचे भले व्हावे या भावनेच्या सरावाने ती निवळते. शिक्षकांना हे सोप्या शब्दांत सांगावे: मुलाबरोबर रडणे अपेक्षित नाही, त्याला उपयोगी पडणे अपेक्षित आहे.

यापुढची पायरी खरी अवघड आहे आणि मलाही ती बराच काळ साधत नव्हती. बैठकीत सर्व काही पटलेला शिक्षक वर्गात मुलाने दुसऱ्याची वही फाडली की त्याच क्षणी पूर्वीसारखाच ओरडतो. येथे ‘प्रेमाने वागा’ हा उपदेश निरुपयोगी ठरतो, कारण रागाच्या भरात उपदेश आठवत नाही. तोंडात बसलेले वाक्य तेवढे बाहेर पडते. म्हणून वाक्येच बदलावी लागतात, आणि ती मोठ्याने म्हणून घोटून घ्यावी लागतात. ‘असं का केलंस?’ या प्रश्नावर मूल मान खाली घालते किंवा थाप मारते. त्याऐवजी ‘काय झालं?’, ‘तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं?’, ‘याचा त्रास कुणाला झाला?’ आणि ‘आता ते सावरायला तू काय करशील?’ हे चार प्रश्न याच क्रमाने विचारावेत. शिक्षकांच्या जोड्या कराव्यात. एकाने वही फाडणारा विद्यार्थी व्हावे आणि मुद्दाम उर्मट उत्तरे द्यावीत. पहिल्या दोन फेऱ्यांत हसू येते, तिसऱ्या फेरीत कुणाचा तरी आवाज खरोखरच चढतो. सराव तेथून सुरू होतो, म्हणून त्याआधी थांबू नये.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. हे प्रश्न सगळ्या वर्गासमोर विचारू नयेत, कारण चाळीस जणांसमोर विचारलेला मऊ प्रश्नही मुलाला उलटतपासणीच वाटतो; भांडण थांबवून, ज्याची वही फाटली त्याची आधी विचारपूस करून, पुढचे बोलणे मधल्या सुट्टीत बाजूला घेऊन करावे. दुसरे म्हणजे ‘सॉरी म्हण’ असे फर्मान सोडू नये. त्यातून मूल फक्त सुटका करून घेण्याचा मंत्र शिकते. फाटलेली पाने स्वतःच्या अक्षरात उतरवून देणे ही भरपाई शंभर माफ्यांहून मोलाची असते. यावर ‘म्हणजे शिक्षा नाहीच का?’ असा आक्षेप हमखास येतो. वागण्याचे परिणाम भोगावे लागतातच. अपमान तेवढा वगळायचा असतो.

शिक्षकांशी बोलताना त्यांना सुधारायला आल्याचा आव आणू नये. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानसशास्त्रज्ञ जेसन ओकोनोफुआ व सहकाऱ्यांच्या अमेरिकेतील प्रयोगात शिक्षकांना फक्त काही मजकूर वाचायला दिला आणि बेशिस्त मुलाशीही आपण नाते कसे टिकवतो हे इतर शिक्षकांच्या उपयोगासाठी लिहायला सांगितले. त्या शिक्षकांच्या विद्यार्थ्यांपैकी वर्षभरात निलंबित झालेल्यांचे प्रमाण तुलनेच्या गटापेक्षा निम्मे, म्हणजे 9.6 टक्क्यांऐवजी 4.8 टक्के राहिले. शिक्षकाला जाणकार मानल्याने काय साधते, हे यावरून कळावे.

त्यानंतर महिन्यातून एकदा एकत्र बसून घडलेले प्रसंग मांडावेत. मुलांची नावे घेऊ नयेत. अहवाल, गुणपत्रक, छायाचित्रे यांची गरज नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच आठवड्यात ठरवून ठेवावी. विश्वास बसला की एखादे मूल घरातील मारहाण किंवा त्याहून गंभीर काही सांगते. अशा वेळी ‘मी कुणालाही सांगणार नाही’ असे वचन शिक्षकाने देऊ नये. सांगितलेस ते बरे केलेस असे म्हणावे, खोदून विचारू नये, ऐकलेले मुलाच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवावे आणि समुपदेशक किंवा बालसंरक्षणाची जबाबदारी असलेल्या व्यक्तीकडे पोचवावे. ती व्यक्ती कोण, हे प्रत्येक शिक्षकाला नावानिशी ठाऊक असले पाहिजे.