वाडीतला झाडोरा: यंत्रात घालायचा की पेटवायचा?

झाडोऱ्याचं काय करायचं हे तोडणीच्या दिवशीच ठरवा. ओल्या फांद्या चिपरमधून, म्हणजे फांद्यांचा भुसा करणाऱ्या यंत्रातून, सहज जातात, वाळून टणक झाल्या की पाती बोथट करतात. जाळायचं असेल तर याच्या उलट, कारण ओलं लाकूड नुसतं धुमसत राहतं. ढीग महिनाभर पडून राहिला की शेवटी कोणीतरी काडी ओढतंच.

आधी जमीन कुठे आहे ते बघा. गोराई, मनोरीची वाडी मुंबई महापालिकेच्या हद्दीत येते. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी केली; साध्या प्रकाराला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला. तेव्हा इथे काडेपेटीचा विचारच नको. झाड तोडायचं असेल तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगीही आधीच काढा.

चिपर भाड्याने आणताना तो किती जाडीची फांदी घेतो हे विचारा. जाड ओंडके सरपणाला काढून ठेवा. तारा, खिळे, माती लागलेली मुळं वेगळी करा. नारळाच्या झावळ्या चिवट असतात, त्यांचे धागे रोलरला गुंडाळतात. त्या थोड्या थोड्या, फांद्यांत मिसळून घाला. फांदीचा जाड बुंधा आधी आत जाऊ द्या. गॉगल घाला, कानात बोळे घाला, आणि ओढणी किंवा सैल बाही अंगावर नको. अडकलेली फांदी इंजिन बंद करूनच काढायची, घाई कितीही असो.

रानमोडी हे तण मात्र फुलण्याआधीच कापा. नाहीतर भुश्याबरोबर तिचं बी वाडीभर पसरेल.

भुसा झाडाभोवती दोन-तीन इंच पसरा, खोडापासून वीतभर लांब. ताजा भुसा मातीत मिसळू नका. कुजताना तो मातीतलं नत्र ओढून घेतो. आणि माडांजवळ त्याचा ओला ढीग कधीच ठेवू नका, माड पोखरणारा गेंड्या भुंगा अशाच कुजत्या ढिगात वाढतो. चिपर घेऊनही माड गमावण्याचा हा सरळ रस्ता आहे.

जाळणं योग्य ठरतं ते किडीसाठी. सोंड्या भुंग्याने पोखरलेला माड किंवा भिरूड (लाकूड पोखरणारी अळी) लागलेली आंब्याची फांदी ठेवून चालत नाही. मुंबईत असाल तर महापालिकेच्या उद्यान खात्याला विचारा. कर्जत-मुरबाडकडे असाल तरी बंदी देशभर आहे, म्हणून ग्रामपंचायतीला आणि रान लागून असेल तर वनरक्षकाला आधी विचारा. शेजारी भाताची दाढ (रोपं करायची जागा) भाजतात म्हणून आपला सगळा पाला पेटवू नये; ते तणाचं बी मारण्यासाठी, मोजक्या जागेत भाजतात.

पेटवण्याआधी ढिगाभोवतीचं गवत मातीपर्यंत खरवडा, पाण्याची पिंपं भरून ठेवा, आणि ढीग हलवून साप, सरडे, घरटी बघा. वारा पडलेली सकाळ निवडा. दुपारी खारा वारा सुटला की ठिणगी शेजारच्या गवतात जाते. छोट्या ढिगाने सुरुवात करून त्यावर थोडं थोडं घाला. राखेत पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हात लावून गार लागेपर्यंत तिथून हलू नका.