नरकासुराचे डोळे कसे पेटवावे: चार पेन्सिल सेल आणि विजेची पहिली ओळख

दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली की गोव्यात आमच्या डिचोलीकडे वाड्यावाड्यांवर रात्रीची जागरणे सुरू होतात. दिवाळीच्या पहाटे जाळायचा नरकासुराचा पुतळा बनवायचा असतो: बांबू आणि तारेचा सांगाडा, वर गवत, त्यावर कागद. मुखवटा कोणी बाजारातून आणतो, कोणी मातीच्या साच्यावर घडवतो. सगळे झाल्यावर एकजण हटकून विचारतो, ‘डोळ्यांत लाईट घालूया?’

मग शेजारच्या घरातून एक्स्टेन्शन बोर्ड ओढला जातो. २३० व्होल्टांची वायर, कुठे कुठे टेप लावलेली, लोखंडी तारेच्या सांगाड्यातून आणि दमट गवतातून वर चढते. आपल्याकडे त्या दिवसांत संध्याकाळी गडगडून पाऊस येतो, आणि नाही आला तरी पहाटेचे दंव असतेच. सांगाड्याला धरून उभी असलेली निम्मी पोरे अनवाणी. हे करू नका. दोन डोळ्यांना चार पेन्सिल सेल रात्रभर पुरतात. शिवाय हे डोळे स्वतः जोडलेत, तर वीज म्हणजे काय हे शाळेच्या पुस्तकापेक्षा बरे कळते.

आधी विजेची गोष्ट. कुळागरातला पाट डोळ्यांसमोर आणा. झर उंचावर आहे, माड-पोफळी खाली. झर जितकी उंच तितका पाण्याला जोर. विजेत या जोराला व्होल्टेज म्हणतात, पुस्तकात विभवांतर. पाटातून प्रत्यक्ष किती पाणी वाहते तो करंट, म्हणजे विद्युतधारा, आणि तो अँपिअरमध्ये मोजतात. पाटात दगड-माती टाकून वाट अरुंद केली की पाणी कमी होते. तो रोध, त्याचे माप ओहम. या तिघांचे नाते जॉर्ज ओहम या जर्मन शिक्षकाने १८२७ साली छापून मांडले: व्होल्टेज बरोबर करंट गुणिले रोध. आजचे सगळे गणित एवढ्यावरच आहे.

पण पाटाचा दृष्टांत एका जागी फसतो, आणि नवशिक्याची गाडी तिथेच अडते. पाणी पोफळीच्या मुळाशी पोचले की त्याचे काम संपले. वीज मात्र सेलच्या अधिक टोकाकडून निघाली की तिला उणे टोकाला परत यावेच लागते. फेरा पूर्ण नसेल तर ती निघतच नाही. काहीच पेटत नसेल तर फेरा कुठेतरी तुटला आहे, आणि काही तापत किंवा जळत असेल तर विजेला मध्येच जवळची वाट सापडली आहे. पुढची सगळी खटपट या एका गोष्टीभोवती आहे.

सामान आणा. चार पेन्सिल सेल आणि ते बसवायचा चार घरांचा होल्डर. ५ मिलिमीटरचे लाल एलईडी, चार-पाच तरी, कारण एखादा नक्की जाणार. ३३० ओहमचे आणि १० किलो-ओहमचे पाव वॅटचे रेझिस्टर. दुकानात ‘रेझिस्टन्स’ म्हटले तरी देतात. थोडी वीज साठवून ठेवणारे १०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर, पंखा दुरुस्त करणारे ज्याला कंडेन्सर म्हणतात त्याच जातीचे, पण बोटाच्या पेराएवढे. बीसी ५४७ क्रमांकाचे दोन ट्रान्झिस्टर. एक ब्रेडबोर्ड, म्हणजे डाग न देता नुसते पाय खोचून जोडणी करायची भोकांची पाटी, थोड्या जंपर वायरी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही टीव्ही-रेडिओच्या सुट्या भागांचे दुकान असेल तिथे हे मिळते. पैसे कमी पडले तर बाकीचे थोडे थोडे घ्या, पण मल्टिमीटर टाळू नका. तो नसेल तर तुम्ही अंधारात चाचपडणार.

पहिले काम मोजायचे. मल्टिमीटर डीसी व्होल्टच्या २० च्या खुणेवर ठेवा, लाल टोक सेलच्या अधिकला, काळे उणेला. नवा सेल १.५ ते १.६ दाखवील. चारही सेल होल्डरमध्ये बसवून दोन्ही वायरींवर मोजा, सहाच्या थोडे वर येईल. सेल एकामागे एक लावले की जोर वाढतो. एक सावधगिरी: मीटर करंट मोजायच्या खुणेवर असताना त्याची टोके कधीही थेट सेलला लावू नका. त्या खुणेवर मीटर म्हणजे जवळजवळ नुसती तार. आतला फ्यूज उडतो.

आता एलईडी. त्याचा लांब पाय अधिक, आखूड पाय उणे. पाय कापलेले असतील तर कडेला बोट फिरवा, जिथे काठ सपाट लागेल ती बाजू उणेची. हा डायोड आहे, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा दरवाजा. उलटा लावला तर पेटत नाही, सहा व्होल्टांवर सहसा बिघडतही नाही.

शाळेत असताना मी पहिला एलईडी थेट ९ व्होल्टांच्या चौकोनी बॅटरीला लावला होता. लाल एलईडी क्षणभर नारिंगी पेटला, इतका झगझगीत की मी ‘आई, बघ’ म्हणेपर्यंत विझला तो कायमचाच. घरभर वास. आईने बघितला तो धूरच. चूक साधी होती. एलईडी स्वतः करंट आवरत नाही. त्याला लागतात त्या दोन व्होल्टांच्या थोडे वर गेले की करंट भसाभस वाढतो. पाटात दगड हवाच. तो दगड म्हणजे रेझिस्टर.

केवढा दगड? सेल देतात ६ व्होल्ट. लाल एलईडी साधारण २ घेतो. उरले ४. एलईडीतून १२ मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१२ अँपिअर, जाऊ द्यायचे ठरवू. अशा एलईडीची नेहमीची कमाल मर्यादा २० असते, आणि रात्रभर जळायचे असेल तर कमाल मर्यादेला भिडू नये. ४ भागिले ०.०१२, आले ३३३. बाजारात त्याच्या जवळचा ३३० मिळतो. हे गणित एकदा हाताने केलेत की पुढे कुठलाही एलईडी, कुठलीही बॅटरी, तुम्हाला कोणाला विचारावे लागणार नाही. निळा किंवा पांढरा एलईडी तीनाच्या वर व्होल्ट घेतो, एवढे लक्षात ठेवून पुन्हा तीच वजाबाकी-भागाकार.

रेझिस्टरवर आकडा नसतो, रंगीत पट्टे असतात. शून्यापासून नऊपर्यंत: काळा, तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा, करडा, पांढरा. मी पहिली अक्षरे घोकली, का-त-ला-ना-पि-हि-नि-जा-क-पां, आणि ती अजून विसरलेलो नाही. पहिले दोन पट्टे अंक, तिसरा पुढची शून्ये. नारिंगी-नारिंगी-तपकिरी म्हणजे ३, ३ आणि एक शून्य: ३३०. तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे १, ० आणि तीन शून्ये: १०,०००, म्हणजेच १० किलो-ओहम. शेवटचा सोनेरी पट्टा सांगतो की पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकते. निळसर अंगाच्या रेझिस्टरवर बहुधा पाच पट्टे असतात, तिथे पहिले तीन अंक धरायचे. गोंधळ झाला तर मीटर ओहमच्या खुणेवर ठेवून मोजा. तपकिरी की लाल यावर पिवळ्या बल्बखाली भांडण्यात अर्थ नाही.

ब्रेडबोर्डवर जोडा. त्याच्या मधल्या भागात एका ओळीतली पाच भोके आतून जोडलेली असतात, आणि कडेच्या लांब पट्ट्या अधिक-उणेसाठी. होल्डरची लाल वायर अधिकच्या पट्टीत, काळी उणेच्या पट्टीत. अधिकपासून ३३० चा रेझिस्टर एका मोकळ्या ओळीत आणा, त्याच ओळीत एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पाय उणेच्या पट्टीत. फेरा पूर्ण. पेटला पाहिजे.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा पेटला नाही.

‘मामा, एलईडी खराब आहे.’

‘बघितलास?’

‘बघायचे काय, पेटत नाही म्हणजे खराबच.’

नव्वद टक्के वेळा एलईडी खराब नसतोच, असे माझे मत. मीटर घेऊन फेऱ्यावरून चालत जायचे. काळे टोक उणेच्या पट्टीत ठेवा आणि लाल टोकाने एकेक जागा बघा: अधिकच्या पट्टीवर ६ दिसतात का? रेझिस्टरच्या पलीकडे साधारण २ दिसतात का? तिथेही ६ दिसले तर एलईडीतून करंट जात नाही, म्हणजे तो उलटा आहे किंवा त्याचा पाय भोकात नीट बसलेला नाही. शून्य दिसले तर तुटलेली जागा त्याच्या आधीच आहे. भाच्याने रेझिस्टरचा एक पाय शेजारच्या ओळीत खोचला होता. सरकवला आणि तो ओरडला, ‘पेटलो रे पेटलो!’

दोन डोळ्यांसाठी दुसरा एलईडी घ्या, पण त्याला त्याचा स्वतःचा ३३० चा रेझिस्टर द्या. दोघांत एकच रेझिस्टर वापरला तर दोन एलईडींच्या बारीक फरकामुळे एक जास्त करंट ओढतो आणि नरकासुर एका डोळ्याने मिणमिणतो. दोघांचे मिळून २४ मिलिअँपिअर, दहा तासांचे २४० मिलिअँपिअर-तास. अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये साधारण २००० असतात. ९ व्होल्टांची चौकोनी बॅटरी दिसायला दणकट, पण तिच्यात ५०० च्या आसपासच. चार पेन्सिल सेल तिच्याहून किती तरी बरे.

एवढ्यावर थांबलात तरी डोळे झाले. पण आलटूनपालटून लुकलुकणारे डोळे बघून लहान मुले जी मागे पळतात, त्यासाठी आणखी एक तास द्या.

इथे ट्रान्झिस्टर येतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये पहिला ट्रान्झिस्टर चालला, तेव्हाचा तो ठोकळा ओबडधोबड होता. आपला बीसी ५४७ वाटाण्याएवढा. सपाट बाजू आपल्याकडे, पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्या क्रमांकाच्या ट्रान्झिस्टरमध्ये हा क्रम बदलू शकतो, तेव्हा क्रमांक वाचून घ्या. बेसमध्ये अगदी थोडा करंट सोडला की कलेक्टरपासून एमिटरकडे त्याच्या कितीतरी पट वाहतो. पाटाच्या तोंडाशी फळी असते ना, एका बोटाने उचलायची, आणि मागे सगळे पाणी? तीच ही.

जोडणी अशी. दोन्ही ट्रान्झिस्टरचे एमिटर उणेला. अधिकपासून ३३०, त्यापुढे एलईडी, आणि एलईडीचा आखूड पाय आता उणेऐवजी कलेक्टरला. दोन्ही बाजूंना तसेच. प्रत्येक बेसला अधिकपासून १० किलो-ओहमचा एकेक रेझिस्टर. आता कपॅसिटर, आणि ते आडवे-तिडवे जातात: पहिल्याचा लांब पाय डाव्या कलेक्टरला, आखूड पाय उजव्या बेसला, दुसऱ्याचा लांब पाय उजव्या कलेक्टरला, आखूड पाय डाव्या बेसला. अंगावर उणेची पट्टी छापलेली असते. हे कपॅसिटर उलटे लावायचे नसतात.

डावा ट्रान्झिस्टर उघडला की कपॅसिटरमार्फत उजव्याचा बेस खाली खेचला जातो आणि उजवा बंद पडतो. मग १० किलो-ओहममधून कपॅसिटर हळूहळू पुन्हा भरतो, उजवा उघडतो आणि डाव्याला बंद करतो. असे कायम चालू. एक डोळा किती वेळ पेटेल? रोध गुणिले कपॅसिटन्स गुणिले ०.६९. आपले १०,००० ओहम आणि ०.०००१ फॅरड (म्हणजेच १०० मायक्रोफॅरड) धरले तर ०.६९ सेकंद. घाईने लुकलुकायला हवे तर १०० ऐवजी ४७ मायक्रोफॅरड लावा. दोन्ही डोळे पेटून तसेच राहिले तर एका बेसला क्षणभर वायरने उणेला टेकवा, बहुतेक वेळा गाडी सुरू होते. नाही झाली तर कपॅसिटरच्या वायरी तपासा.

चालले की नरकासुरावर बसवायचे. बोर्ड आणि सेल प्लास्टिकच्या डब्यात, डबा कमरेच्या उंचीवर, हाताला येईल असा. ट्रान्झिस्टर डब्यातच राहतात, डोक्यापर्यंत फक्त एलईडीच्या वायरी जातात. जोड नुसते पिळून टेप लावू नका, रात्री गवत सरकले की सुटतात. २५ वॅटच्या सोल्डरिंग आयर्नने डाग द्या, खिडकी उघडी ठेवून. प्रत्येक जोड वेगळा गुंडाळा, कारण तारेच्या सांगाड्याला दोन उघडे जोड लागले तर विजेला तीच जवळची वाट. एलईडी एकटा टिकलीसारखा दिसतो, त्यावर दह्याचा पांढरा प्लास्टिकचा कप उपडा घातला तर डोळा भरतो.

पहाटे जाळायच्या आधी, ढोल वाजत असतानाच, एकाने आठवणीने वर चढून डोळे उतरवायचे आणि डबा सोडवायचा. आगीत सेल फुटतात, आणि कप जळताना घाण धूर होतो. हे काम झोप न आलेल्या पोराला आधीच नेमून द्या.

घरी येऊन कारीट फोडून, न्हाऊन, फोव म्हणजे पोहे खाऊन झाले की डबा उघडा आणि सेल बाहेर काढा. आपल्या दमट हवेत होल्डरच्या स्प्रिंगांवर हिरवट थर चढतो, तो पॉलिश पेपरने घासून ठेवा. व्हडल्या दिवाळीला तुळशीच्या लग्नात हाच डबा वृंदावनामागे लपतो. तेव्हा लाल काढून पिवळे एलईडी लावा. तेही दोन व्होल्टांच्या आसपासच घेतात, रेझिस्टर बदलायला नको.