रणगाडा संग्रहालयाला जाण्याआधी

अहिल्यानगरचं, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचं, रणगाडा संग्रहालय बघायला बरीच कुटुंबं मुलांच्या हट्टामुळे जातात. तोफांपुढे फोटो निघतात, मुलं खूश होतात आणि तासाभरात सगळे गाडीत परत. निघण्याआधी थोडी तयारी केली, तर या भेटीत त्या रणगाड्यांत बसून लढलेली माणसंही भेटतात. ही यादी त्यासाठीच आहे.

सामानाची बॅग नंतर भरा, आधी दोन नावं घरात बोलली जाऊ द्या. चिलखती दलातल्या, म्हणजे रणगाड्यांवर लढणाऱ्या दलातल्या, दोनच वीरांना आजवर परमवीर चक्र मिळालं आहे. दोघेही पूना हॉर्स या रेजिमेंटचे आणि दोघांनाही ते मरणोत्तर मिळालं. पहिले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर, मुंबईत जन्मलेले आणि पुण्यात शिकलेले. 1965 च्या युद्धात सियालकोट आघाडीवर ते आपल्या रेजिमेंटचं नेतृत्व करत होते. 11 सप्टेंबरला फिल्लोराच्या लढाईत ते जखमी झाले, पण उपचारांसाठी मागे जायला त्यांनी नकार दिला आणि पुढचे दिवस तसेच लढत राहिले. 16 सप्टेंबरला त्यांच्या रणगाड्यावर गोळा आदळला आणि त्यात ते गेले.

दुसरे सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल. त्यांची गोष्ट मुलांना जरा सावकाश सांगा, कारण ती तुम्ही जाणार त्याच गावाशी जोडलेली आहे. जन्म पुण्यातला, 1950 चा. जून 1971 मध्ये ते अधिकारी झाले आणि तरुण अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी अहमदनगरला आले. ते संपायच्या आतच युद्धाचे ढग जमले आणि त्यांना रेजिमेंटकडे परत बोलावण्यात आलं. 16 डिसेंबरला पश्चिम आघाडीवरच्या बसंतर नदीच्या लढाईत त्यांच्या रणगाड्याने पेट घेतला. बाहेर पडा, असा आदेश वायरलेसवर आला. त्यावर, तोफ अजून चालते आहे, मी रणगाडा सोडणार नाही, असं त्यांनी कळवलं. त्यानंतर थोड्याच वेळात दुसरा गोळा लागला. त्याच दिवशी ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. खेतरपाल एकवीस वर्षांचे होते.

याच गोष्टीत एक तिसरं नाव आहे आणि ते हमखास गाळलं जातं. रणगाड्यात एकटा माणूस कधीच नसतो. खेतरपालांच्या ‘फामागुस्ता’ नावाच्या रणगाड्यातले सवार (म्हणजे चिलखती दलातले शिपाई) नंद सिंग यांनीही त्या लढाईत प्राण दिले. त्यांच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. म्हणून मुलांच्या वहीत हे नाव मोठ्या अक्षरांत लिहून घ्या. ‘फामागुस्ता’ पुढे अहमदनगरच्याच आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल या चिलखती दलाच्या प्रशिक्षण संस्थेत जतन करण्यात आला. 1994 मध्ये हे संग्रहालय याच संस्थेने सुरू केलं. ज्या गावातून खेतरपाल प्रशिक्षण अर्धवट टाकून लढायला गेले, तिथेच आपण चाललो आहोत, हे घरातून निघताना सगळ्यांना माहीत असलं पाहिजे.

आता प्रत्यक्ष निघण्याचं. जागा लष्कराच्या अखत्यारीतली आहे, त्यामुळे मोठ्यांनी प्रत्येकी सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावं. वेळा आणि सुट्टीचा दिवस आदल्या दिवशी फोन करून विचारून घ्यावा, कारण लष्करी कार्यक्रमांमुळे त्या बदलू शकतात. पुण्याहून अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर आहे. पहाटे निघालात तर उन्हाच्या आधी पोहोचाल, आणि इथे ऊन हा खरा मुद्दा आहे. बहुतेक रणगाडे उघड्यावर उभे आहेत, एप्रिल-मेमध्ये लोखंड भाजून काढतं. टोप्या, पाणी, बंद बूट. आजी-आजोबांसाठी एखादी घडीची खुर्ची गाडीत टाका. फोटो कुठे चालतात, कुठे नाही, ते गेटवर विचारा आणि जे सांगतील ते निमूट पाळा. रणगाड्यांवर चढायचं नाही, तोफेच्या नळीला लोंबकळायचं नाही. हे मुलांना तिथे ओरडून सांगण्यापेक्षा घरीच नीट कारण देऊन सांगितलेलं बरं. कुणीतरी त्या यंत्रात मेला आहे, एवढं कारण मुलांना पुरतं. मुलं आपल्याला वाटतं त्याहून जास्त समजून घेतात.

तुमच्या ओळखीत, सोसायटीत किंवा गावाकडे कुणी निवृत्त सैनिक असतील, तर त्यांना सोबत येण्याचा आग्रह करा. मी तर म्हणेन, तारीखच त्यांच्या सोयीने ठरवा. ‘काका, तुम्ही किती जणांना मारलंत?’ हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. तो विचारायचा नाही, हे आधीच सांगून ठेवा. त्याऐवजी रणगाड्यात झोपायचे कुठे, जेवायचे कधी, घरचं पत्र यायला किती दिवस लागायचे, हे विचारायला शिकवा. ते बोलले तर ऐका. एखाद्या रणगाड्यापुढे ते गप्प उभे राहिले, तर आपणही थांबायचं. ‘चला, पुढे बरंच बघायचंय’ असं म्हणत त्यांना हलवायचं नाही.

आत जवळजवळ पन्नास गाड्या आहेत. सगळ्या बघण्याची सक्ती स्वतःवर करू नका. रोल्स रॉइसची जुनी चिलखती मोटार, दुसऱ्या महायुद्धातले जपानी रणगाडे, चेन्नईजवळच्या आवडी इथे बनलेला विजयंता रणगाडा, हे सगळं आहेच. पण अर्धा तास तरी सेंच्युरियन या एकट्या ब्रिटिश रणगाड्यापाशी घालवा. तारापोर आणि खेतरपाल दोघेही सेंच्युरियनमध्येच लढले. समोर उजवीकडे ड्रायव्हरचं झाकण दिसेल. त्याच्याकडे बघून एका मोठ्या माणसाने खांदे आत कसे घातले असतील, याचा अंदाज घ्या. वरच्या फिरत्या भागात, म्हणजे टरेटमध्ये, उजव्या बाजूला कमांडर, त्याच्या पुढ्यात गनर आणि डावीकडे गोळे भरणारा लोडर. चार माणसं, सुमारे पन्नास टन लोखंड, आत इंधन आणि दारूगोळा. आग लागली तर त्या झाकणांतूनच बाहेर पडायचं. घरून निघताना वहीत रणगाड्याची साधी आकृती काढून नेली, तर मुलं त्यात चार जागी चार माणसं दाखवू शकतात. मागच्या बाजूलाही जा. सेंच्युरियनच्या मागे टेलिफोनची पेटी बसवलेली असायची, शेजारून चालणाऱ्या पायदळाच्या जवानाला आतल्या कमांडरशी बोलता यावं म्हणून. गोळीबारात उघड्यावर उभा राहून त्या फोनवर बोलणारा माणूसही मुलांच्या डोळ्यांपुढे उभा करा.

पाकिस्तानकडून जिंकून आणलेला पॅटन हा अमेरिकी बनावटीचा रणगाडाही इथे आहे. त्याआधी असल उत्तरची लढाई वाचून जा. सप्टेंबर 1965 मध्ये पंजाबातल्या खेमकरणजवळ आपल्या सैन्याने उसाच्या शेतांत पाणी सोडलं, पॅटन चिखलात रुतले आणि पाकिस्तानने तीन दिवसांत नव्वदहून अधिक रणगाडे गमावले. जीपवरच्या तोफेने पॅटन टिपत टिपत कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद तिथेच शहीद झाले, त्यांनाही परमवीर चक्र मिळालं. पॅटनसमोर अभिमान वाटणारच, वाटायलाही हवा. पण टवाळी, आरडाओरडा, अंगठा खाली करून फोटो, हे नको. त्याच्या आतही माणसंच होती आणि समोरच्या शत्रूची हिंमत सैनिक कधी नाकारत नाही.

श्रद्धांजली कशी वाहायची, असा प्रश्न पडतो. नागरिकांनी कडक सॅल्यूट ठोकायची गरज नाही. मोबाइल बंद, टोपी हातात, सरळ उभं राहून दोन मिनिटं शांतता, आणि मग वहीतली तीन नावं हुद्द्यासकट मोठ्याने वाचायची. नावं मुलांनी वाचावीत. तुमच्या घराण्यातलं किंवा गावातलं कुणी लढाईत गेलं असेल, तर त्यांचं नाव, रेजिमेंट आणि साल आधीच घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या आणि तेही त्याच वेळी वाचा. पहिल्या महायुद्धात गावातून किती जण लढायला गेले हे सांगणारा दगडी फलक आपल्याकडे कित्येक गावांत चावडीपाशी किंवा शाळेत लावलेला असतो. जमल्यास जाण्याआधीच्या रविवारी तो बघून या.

येताना गाडीत गाणी लावण्याआधी प्रत्येकाला एकेक गोष्ट विचारा, जी त्याला आठवत राहील. घरी आल्यावर 7 डिसेंबरला कॅलेंडरवर खूण करा. 1949 पासून तो सशस्त्र सेना ध्वजदिन आहे. त्या दिवसाचा निधी वीरपत्नी, अपंग झालेले जवान आणि माजी सैनिकांच्या कुटुंबांसाठी वापरला जातो. आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात तो थेट देता येतो. मुलांनी खाऊच्या पैशांतून दिला तरी चालतो, पावती त्यांच्या नावाने घ्या.