पाइपच्या पलीकडे गेलेला आकडा

इंदूरमध्ये भंवरकुआच्या क्लासमध्ये बॅच फाइलचा, म्हणजे विंडोजच्या कमांड लिहून ठेवलेल्या फाइलचा, धडा दोन दिवसांत उरकला होता. सियागंजातल्या एका पेढीवर पहिली नोकरी लागली, तेव्हा पाइप, म्हणजे एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडकडे देणारी उभी रेघ (|), आपल्याला येतो असंच मी धरून चालले होते.

रोज संध्याकाळी फोल्डरमध्ये बिलांच्या किती फायली जमल्या ते नोंदवायचं होतं. फायलींची यादी देणाऱ्या ‘डिर’ची (dir) यादी पाइपने ‘फाइंड’कडे (find), तिथे मोजलेला आकडा पुढच्या पाइपने ‘सेट स्लॅश पी’कडे (set /p), म्हणजे मिळालेली ओळ व्हेरिएबल या नावाच्या कप्प्यात ठेवणाऱ्या कमांडकडे. एरर नाही, पण व्हेरिएबल रिकामं! चार दिवस मी स्पेलिंगच तपासत बसले.

‘सेट’ ही सीएमडीच्या, म्हणजे कमांड चालवणाऱ्या विंडोजच्या प्रोग्रॅमच्या, पोटातली कमांड. पाइपच्या पलीकडे ठेवली की तिच्यासाठी वेगळी सीएमडी उघडते. आकडा तिथे नीट वाचलाही जातो, पण ती सीएमडी बंद झाली की व्हेरिएबलही गेलं. क्लासमध्ये हे शिकवायलाच हवं होतं, असं मला आजही वाटतं.

मार्ग ‘फॉर स्लॅश एफ’चा (for /f), म्हणजे कमांडचं आउटपुट ओळीओळीने घेणाऱ्या लूपचा. कंसात एकेरी अवतरणात पूर्ण कमांड लिहा, आतल्या पाइपच्या उभ्या रेघेआधी ^ हे चिन्ह द्या. लूप आपल्याच सीएमडीत चालतो, म्हणून आकडा हातात राहतो. लूपचं व्हेरिएबल बॅच फाइलमध्ये %% लावून लिहायचं, थेट प्रॉम्प्टवर एकच %.

तुमच्या स्क्रिप्टलाच कोणी पाइपने ओळी देणार असेल, तर पहिल्या ओळीपुरतं ‘सेट स्लॅश पी’ चालतं. पुढच्या ओळी निसटू शकतात. तिथे ‘फॉर स्लॅश एफ’च्या आत ‘फाइंडएसटीआर "^"’ (findstr, ओळींत मजकूर शोधणारी कमांड; "^" प्रत्येक ओळीला जुळतं) चालवा, म्हणजे सगळं इनपुट येतं.

‘फॉर स्लॅश एफ’मध्ये ‘डेलिम्स=’ (delims=) विसरू नका; ते नसेल तर ओळ स्पेसवर तुटते. माझ्याकडे ‘जून बिल’ या फायलीच्या नावातलं नुसतं ‘जून’ उरलं होतं. हा लूप रिकाम्या ओळी गाळतो, अर्धविरामाने सुरू होणाऱ्याही. रिकाम्या ओळी हव्या असतील तर ‘फाइंडएसटीआर’ला ‘स्लॅश एन’ जोडा. प्रत्येक ओळीला क्रमांक लागतो, मग कुठलीच रिकामी राहत नाही.

गेल्या रविवारी रामबागेत पोहे खाताना भाच्याने विचारलं, “मावशी, दोन्ही शब्द सारखेच दिसतात, तरी तुलना का जुळत नाही?” त्याने मजकूर छापणाऱ्या ‘इको’ (echo) कमांडच्या शब्दानंतर, पाइपच्या आधी, एक स्पेस सोडली होती. तीही शब्दाबरोबर पलीकडे गेली होती.