घोळ उपटण्याआधी विचारा

निर्वासित कुटुंबं जिथे भाजीपाला पिकवतात अशा सामुदायिक बागेत मी पहिल्यांदा मदतीला गेले आणि तासाभरात एका बाईंची भाजी उपटून टाकली. वाफ्याच्या कडेने जमिनीसरशी पसरलेली, लालसर देठांची, जाडसर गुळगुळीत पानांची ती झुडपं. कुणीतरी म्हणालं, तण आहे. मी खुरपं चालवलं. वाफा एका सीरियन बाईंचा होता. त्या आल्या, घमेल्यात डोकावल्या आणि एक अक्षरही न बोलता त्यातले कोवळे शेंडे निवडून पिशवीत भरू लागल्या. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती घोळ होती. त्यांच्याकडे ती फत्तूश नावाच्या कोशिंबिरीत घालतात.

तेव्हा अशा बागेत जायचं ठरवलं असेल तर पहिले काही आठवडे काहीही उपटू नका. पाणी घाला, खत वाहा, वाफ्यांमधल्या वाटा साफ करा. वाफ्यात हात घालायचा तर मालकाला विचारून. ‘मालक’ हा शब्द मी मुद्दाम वापरते. जमीन कागदोपत्री कुणाचीही असो, वाफा त्या कुटुंबाचा आणि आपण तिथे हाताखालची माणसं.

तणाइतकाच गोंधळ विरळणीत, म्हणजे दाट रोपांतली काही उपटून अंतर पाडण्यात, होतो. राजगिरा इतका दाट पेरलेला दिसतो की बागकामाचं पुस्तक वाचून आलेल्या माणसाचा हात शिवशिवतो. पण पानांसाठी लावलेला राजगिरा अनेक देशांत दाटच फेकून पेरतात आणि तीन-चार आठवड्यांत कोवळा असताना मुळासकट काढतात. विरळ करणं हीच त्याची काढणी. तसंच फुलोऱ्यावर आलेलं, वाळत चाललेलं एखादं झाड ‘आता संपलं’ म्हणून काढू नका. ते बहुतेक बियाण्यासाठी राखलेलं असतं. आमच्याकडे अशा झाडाला लाल चिंधी बांधतात. चिंधी दिसली की तिथे कुणाचाही हात जात नाही, आणि त्यासाठी भाषाही लागत नाही.

म्यानमारहून आलेली मंडळी लाल अंबाडी लावतात, आंबट पानांसाठी. दिवस लहान होऊ लागले की ती फुलते. थंड मुलखात तिच्या बोंडांची वाट पाहण्यात अर्थ नाही, आधीच थंडी तिला मारते. हे मला आधी ठाऊक नव्हतं. ‘फुलं कधी येणार?’ असं मी दर आठवड्याला विचारायचे आणि समोरचे आजोबा दर आठवड्याला हसून पानं खुडायचे.

बागेने पोट भरतं का? हा प्रश्न तुम्हाला लोक विचारणारच, म्हणून आकडा सांगून ठेवते. निर्वासितांच्या शिध्याचं नियोजन माणशी दिवसाला २,१०० किलोकॅलरी धरून करतात. राजगिऱ्याच्या १०० ग्रॅम पानांत जेमतेम २३. म्हणजे धान्य, डाळ, तेल बाहेरूनच यायला हवं. बाग देते ती ताजी पालेभाजी, जी शिध्याच्या पाकिटात सहसा नसते: अ जीवनसत्त्व, लोह, फोलेट (ब गटातलं एक जीवनसत्त्व). आणि चव. १९९६ साली रोमच्या जागतिक अन्न परिषदेने अन्नसुरक्षेची व्याख्या केली, तिच्यात पुरेशा आणि पोषक अन्नाच्या जोडीने लोकांच्या आवडीनिवडीचाही उल्लेख आहे. त्यामुळे ‘बटाटे लावा, जास्त पिकेल’ असा सल्ला देण्याआधी जीभ आवरा. जर्मनीत ग्योटिंगेनला साधारण त्याच सुमारास अशा बागा सुरू झाल्या, त्या बोस्नियातून आलेल्या बायकांना त्यांच्या घरच्या बागांची आठवण येत होती म्हणून.

मातीची तपासणी मात्र आग्रहाने करून घ्या. इथे भिडस्तपणा नको. शहरातल्या मोकळ्या जागेत जुन्या रंगाचं किंवा पूर्वीच्या पेट्रोलच्या धुराचं शिसं असू शकतं, आणि ते लहान मुलांना सगळ्यात जास्त बाधतं. नमुना प्रयोगशाळेत पाठवा. शिसं जास्त निघालं तर लाकडी चौकटीत बाहेरची स्वच्छ माती भरून उंच वाफे करायचे. पालेभाज्या आणि कंद त्यातच लावायचे, आणि भाजी घरी नेली तरी नीट धुवायची, कारण पानांवर धूळ बसते. खताच्या पिशवीवरचा मजकूरही वाचा. हाडांच्या किंवा रक्ताच्या खतात डुकराचा अंश असू शकतो. मुसलमान कुटुंबांच्या वाफ्यात ते न विचारता टाकलंत तर तुमची वर्षभराची मेहनत एका दिवसात मातीमोल.

बोलण्याचं म्हणाल तर ‘समजलं का?’ असं विचारू नका. माणूस भिडेपोटी ‘हो’ म्हणतो. त्यापेक्षा करून दाखवा आणि मग त्यांना करून दाखवायला सांगा. मुलांना भाषा लवकर येते म्हणून प्रत्येक वेळी त्यांनाच दुभाषे करणंही बरं नाही. आईच्या आजारपणाची बातमी दहा वर्षांच्या पोराने भाषांतर करून सांगावी, हे मी एकदा पाहिलंय. पुन्हा पाहायची इच्छा नाही. ‘तुम्ही इथे कशा आलात?’ हा प्रश्न तर गिळाच. ‘हे कसं शिजवता?’ विचारा, त्यावर अर्धा तास गप्पा होतात. फोटो विचारल्याशिवाय काढू नका. त्यात चेहरा आणि जागा ओळखू आली तर मागे राहिलेल्या नातेवाइकांना धोका होऊ शकतो.

आता वेळेचं. लावणीच्या दिवसांत स्वयंसेवकांची जत्रा भरते आणि भर उन्हाळ्यात, सुट्ट्यांच्या काळात, झारी धरायला कुणी नसतं. तुम्ही त्या दिवसांतला एक वार कायमचा घ्या. पाणी सकाळी, बुंध्याशी, खोल मुरेपर्यंत. रोज शिंतोडे उडवून मुळं वरच राहतात. पालेभाजी उन्हं चढायच्या आत काढून ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवा. उरलेली भाजी कुणाला द्यायची, हे मात्र ज्याने पिकवली तोच ठरवेल.

शेवटचं म्हणजे किल्ली. बागेत गेल्यावर आधी बघा, फाटकाची आणि नळाची किल्ली कुणाकडे असते. फक्त संयोजकांकडे असेल तर बैठकीत तो विषय काढा. आमच्याकडे एक पूर्ण हंगाम लोक फाटकाबाहेर ताटकळत उभे राहिले, मगच प्रत्येक कुटुंबाला किल्ली मिळाली.

घोळ पुढच्या वर्षी आपोआप उगवली, वाफ्यात, वाटेत, नळाखाली. यावेळी मी त्या बाईंना शोधून काढलं आणि खुणेने विचारलं, ठेवू का? त्यांनी कपाळाला हात लावला. खुरपं माझ्या हातात दिलं आणि वाटेतली सगळी काढायला लावली.